राखेला विरजण

बाईंचं दार मी पहिल्यांदा वाजवलं ते विरजण मागायला. जळगावच्या कॉलेजात नोकरी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. बाईंच्याच घराची वरची खोली भाड्याने मिळाली होती, आणि दूध तापवून कोमट झाल्यावर लक्षात आलं की दही लावायला आपल्याकडे काहीच नाही. खाली गेलो. बाईंनी माझ्या तोंडाकडे न बघता आधी चपलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केळीच्या वावरात कशाला गेला होतास?" मी खरंच दुपारी एका विद्यार्थ्याच्या मळ्यात जाऊन आलो होतो. हे यांना कसं कळलं, या विचारात मी असतानाच त्यांनी फ्रिज उघडला. आत एकसारखे स्टीलचे डबे ओळीने ठेवलेले. पहिल्यात माती होती, दुसऱ्यातही माती. तिसऱ्याला नाक लावून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हे निंबाखालचं." त्यापुढच्या डब्यात एकदाचं दही सापडलं. त्यातलं चमचाभर एका वाटीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "वाटी रिकामी परत आणायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाटीत केळ्याचे चार वेफर घालून परत केली. दही मात्र दोन दिवस जपून खाल्लं. दाताखाली काही करकरतंय का, याकडे माझं सगळं लक्ष होतं.

बाई त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी रसायन. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. त्या मला 'रसायन' म्हणायच्या, आणि तेही सगळ्या स्टाफरूमसमोर. "ए रसायन, तुझी स्कूटर रविवारी रिकामी आहे ना?" यात विचारणं नसायचं. माझ्याकडे स्कूटर होती हाच माझा गुन्हा, आणि त्याची शिक्षा मी पुढे पुष्कळ वर्षं भोगली. बाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. मागे बसायच्या त्या तोंड उलट्या बाजूला करून, आणि रस्त्याकडेला एखादं जुनं झाड दिसलं की माझ्या पाठीवर बुक्की मारायच्या. ती थांबण्याची खूण. जळगाव ते भुसावळ या रस्त्यावरचं एकही म्हातारं झाड असं नसेल की ज्याच्यासाठी मी बुक्की खाल्लेली नाही.

त्यांचा विषय होता बुरशी, आणि तीही मातीतली. पोरं त्यांना बुरशीबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती बुरशी हा शब्द उच्चारताना लोक नाक मुरडतात त्याला. लोणच्यावर बुरा आला म्हणून कुणी बरणी ओतायला निघालं की बाई आडव्या यायच्या. एकदा आमच्या प्राचार्यांच्या घरून आलेली पुरणपोळी राहून गेली आणि तिच्यावर हिरवट डाग पडले, तर त्या ती कागदात बांधून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि वर प्राचार्यांच्या मिसेसना भेटल्यावर सांगितलं, की तुमच्या पुरणपोळीवर फार सुरेख वाढ झाली. त्यानंतर आमच्या स्टाफरूमला त्या घरून काही आलं नाही.

शिकवताना मात्र त्या फार सोपं सांगायच्या. झाडाची मुळं आणि मातीतली बुरशी यांचा संसार असतो, म्हणायच्या. झाड उन्हात उभं राहून स्वयंपाक करतं आणि बुरशी बाजारहाट करते. केसाहून बारीक धाग्यांनी ती लांबलांबून पाणी आणते, क्षार आणते, आणि झाड तिला साखर देतं. मुळं जिथे पोचत नाहीत तिथे ती पोचते. "झाड एकटं कधी वाढत नाही. एकटं वाढतं ते कुंडीतलं, आणि त्याला तुम्ही रोज पाणी घालता म्हणून."

तो संसार बघायचा म्हणजे मुळाचा बारीक तुकडा उकळून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रंगाचं औषध महाग म्हणून बाई पेनात भरायची निळी शाई आणि किराणा दुकानात मिळणारं व्हिनेगर वापरायच्या, आणि हा उद्योग जेवणाच्या टेबलावर चालायचा. मुळाच्या आत निळे ठिपके आणि निळे धागे दिसले की बुरशी नांदते आहे. मग बाई भिंगावरून डोळा न काढता म्हणायच्या, "जित्तं शे." म्हणजे जिवंत आहे. त्या धुळ्याकडच्या, साक्रीच्या बाजूच्या. कॉलेजात त्यांची भाषा पुस्तकी असायची, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की आतली अहिराणी वर यायची. आनंदापेक्षा रागाच्या वेळा जास्त, हेही सांगून टाकतो. बाई काही देवमाणूस नव्हत्या. आभार मानणं त्यांना माहीत नव्हतं, माझ्या स्कूटरच्या पेट्रोलचा विषय त्यांनी जन्मात काढला नाही, आणि एका हुशार मुलीचं जर्नल त्यांनी वर्गासमोर परत फेकलं होतं. तिने प्रयोग न करताच निरीक्षण लिहिलं होतं. मुलगी रडली, तिचे वडील आले, प्राचार्य मध्ये पडले. बाई एवढंच म्हणाल्या, "उत्तर चुकलं तर मी मार्क देते. न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिलं तर नाही देत." त्या मुलीला पुन्हा सगळा प्रयोग करावा लागला.

म्हाताऱ्या झाडाखालची मूठभर माती म्हणजे विरजण, असं बाईंचं म्हणणं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं नुसत्या मेलेल्या जमिनीत रोप लावून भागत नाही. कुणाच्या तरी घरून जिवंत माती मागून आणावी लागते. आता कृषी केंद्रात बुरशीची पाकिटं मिळतात, पण बाईंना ती पसंत नव्हती. "ती पाहुणी. येईल, चहा घेईल, जाईल. मला इथली पाहिजे." आणि विरजणाचे सगळे नियम त्या झाडांनाही लावायच्या. दिवेलागणीनंतर मागायचं नाही. लागेल तेवढंच घ्यायचं. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून माती घेतली की त्या जागी तांब्याभर पाणी घालायचं. त्यासाठी एक पितळी तांब्या आणि पाण्याचा कॅन माझ्या स्कूटरला कायमचा टांगलेला असे. लोकांना वाटे मी दूध घालतो.

याच तांब्यापायी एकदा जळगावजवळच्या असोद्यात आमची पूजा व्हायची वेळ आली होती. एका शेताच्या बांधावर जुनी बोर होती, खोड दोघांच्या कवेत न मावणारं. बुक्की बसली, मी थांबलो. बाई बोरीखाली उकिडव्या बसून माती काढू लागल्या आणि मग तांब्या ओतला. एवढ्यात कापसातून एक म्हातारा काठी घेऊन आला. डोक्याला टोपी, मिशी पांढरी, आवाज करकरीत.

"ओ बाई, काय करू राह्यल्या तुम्ही माह्या बांधावर? माती नेऊ राह्यल्या, पानी घालू राह्यल्या. काही करनी-बिरनी हाये का?"

मी पटकन कॉलेजचं ओळखपत्र काढायला खिशात हात घातला. बाईंनी मान वर केली आणि आधी त्याच्या पायांकडे, मग तोंडाकडे बघितलं.

"विरजण मागायला आले, आबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी आलेल्या बाईला विरजण नाही म्हणता का?"

म्हातारा गोंधळला. मग बाईंनी तिथेच बसून त्याला ते सगळं सांगितलं, झाडाचा स्वयंपाक आणि बुरशीचा बाजारहाट. त्याने ऐकून घेतलं. बुरशीचं काही त्याला पटलं नाही, ते तोंडावर दिसत होतं. केळीवर करपा आणि कपाशीवर मर असे बुरशीचे रोग बघितलेल्या माणसाला बुरशी चांगली असते हे पटणं अवघडच. पण विरजण पटलं. निघताना त्याने आमच्या पिशवीत भरताची वांगी भरली आणि म्हणाला, "विरजन लागलं त येत जा. पन मले सांगून या, नही तं लोकं मारतीन तुम्हाले." ते आबा. पुढे आमच्या आयुष्यात ते कायमचे आले.

आता राखेच्या टेकडीकडे येतो, कारण बाईंचं खरं चित्र तिथेच पूर्ण होतं.

आमच्याकडे कोळसा निघत नाही. तो विदर्भातून रेल्वेच्या वाघिणी भरभरून येतो, वीज केंद्रात जळतो, आणि आमच्या वाट्याला राहते ती राख. भुसावळच्या बाजूला अशा राखेचा एक जुना, भरून वाळलेला तलाव होता. वर्षानुवर्षं थर चढून त्याची टेकडी झाली होती. उन्हाळ्यात वारा सुटला की खालच्या वस्तीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ती येऊन बसायची. तिथे झाडं लावायचे प्रयत्न झाले होते. खड्ड्यात काळी माती घातली, टँकरने पाणी दिलं, की झाडं टँकर येई तोवर टिकायची. बाई माझ्या स्कूटरवरून ती टेकडी बघून आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "कोळसा म्हणजे जुनं रानच ना रे. त्याला भट्टीतून काढलं की त्यात काही उरत नाही. उकळून उकळून आटवलेलं दूध आहे ते. त्याला विरजण कुणी लावलंच नाही."

तिथल्या झाडांचं काम बघणारे एक साहेब होते, स्थापत्य अभियंता. माणूस सरळ, पण घाईतला. बाईंनी त्यांच्या टेबलावर मातीचे डबे मांडले तेव्हा त्यांनी फाइल जरा बाजूला सरकवली. शेवटी त्यांनी टेकडीच्या उताराचा एक तुकडा बाईंना दिला, आणि अटही स्पष्ट सांगितली. या पावसाळ्यात लावा. पुढच्या उन्हाळ्यात एक थेंब पाणी न देता झाडं जगली, तर जागा झाडांची. नाही जगली, तर त्या तुकड्यावर पुन्हा राख टाकायची आहे, तेव्हा मॅडम, मग आग्रह करायचा नाही. बाई म्हणाल्या, "नाही करणार." निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यभर जे वर्गात सांगितलं ते खरं आहे की नाही हे बघायची एवढीच एक जागा आता त्यांना मिळणार होती, आणि हे त्यांनी मला बोलून दाखवलं. एरवी बोलून दाखवणाऱ्या त्या नव्हत्या, म्हणून मला ते जास्त लागलं.

पावसाळ्यात आम्ही बोर, बाभूळ, हिवर, करंज लावले. प्रत्येक खड्ड्यात असोद्याच्या बोरीखालची मूठभर माती आणि वर पालापाचोळा. योगायोगाने आबांची लेक त्याच वीज केंद्राच्या वसाहतीत राहायची, जावई तिथे कामाला. आबा त्या पावसाळ्यापासून लेकीकडे येऊन राहिले होते आणि वसाहतीत त्यांचा वेळ जात नव्हता. घराला कुलूप, माणसं टीव्हीपुढे, आणि बोलायला वावर नाही. ते रोज सकाळी टेकडीवर येऊन बसू लागले. बाईंनी त्यांना राखणदार म्हणून नेमलं नव्हतं, पण ते स्वतःच नेमले गेले. शेळ्या हाकायचे, तण बघायचे, प्रत्येक रोपाशी वाकून बोलायचे. बाईंच्या 'शे' ची ते खूप चेष्टा करायचे. "आमच्याकडं हाये म्हंतात, बाई. शे काय, शे?" बाई म्हणायच्या, "धुळ्याला या, मग सांगते."

श्रावण संपता संपता एका रविवारी आम्ही गेलो तर आबा लांबूनच हात हलवत होते. चेहरा असा फुललेला की नातू झाल्यासारखा.

"बाई, बरं झालं मी इथी व्हतो. झाडाइच्या बुडाशी पांढरी बुरशी लागेल व्हती. पाला उचलून पाह्यला त निरे धागेच धागे. मी असोद्याहून पंप आनला, कॉपर आनलं, आन् आळवनी करून टाकली. आता तुम्ही बिनघोर राहा."

कॉपर म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, आणि आळवणी म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतणं. आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ते असतं आणि मुळाशी पांढरं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. मी खाली बघितलं. राखेवर प्रत्येक रोपाभोवती निळसर हिरवं रिंगण वाळलं होतं. पालापाचोळ्यात आलेले ते पांढरे धागे म्हणजे मेलेल्या राखेत आलेला पहिला जीव होता. तो बघायला बाई दोन महिने थांबल्या होत्या, आणि आबांनी तो आमच्याआधी बघितला होता.

खरं काय ते माझ्या तोंडावर आलं होतं. बाईंनी मागे हात करून माझा शर्ट धरला.

"बठ्ठ्या झाडांना घातलं का, आबा?"

"तो खालचा कोपरा राह्यला. टाकी सरली. उद्या तोबी करून टाकतो."

"नको," बाई म्हणाल्या. जरा घाईने म्हणाल्या, मग आवाज खाली आणला. "कोपरा राहू द्या तसाच. औषध पुष्कळ झालं. आता याच्यापुढे काही घालायचं नाही." मग त्या राखेतच बसल्या, थर्मास उघडला आणि पहिला कप आबांना दिला. आबांनी चहा पिता पिता पंप कसा खांद्यावर आणला ते सगळं सांगितलं. बाई मान हलवत होत्या.

परतताना मी स्कूटरवर बडबडत होतो. त्या म्हाताऱ्याला सांगायला पाहिजे, त्याने सगळ्याची माती केली, तुम्ही त्याला चहा काय पाजता. बाईंनी भुसावळ जाईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याच्या घरात जे औषध होतं ते त्याने खांद्यावर आणलं. आपल्या झाडांसाठी आणलं. आता मी त्याला काय सांगू?" आणि जरा वेळाने, "बठ्ठं गयं रे." सगळं गेलं, एवढंच. मी पुढे बघत गाडी चालवत राहिलो, कारण मागे त्या रडत होत्या.

हिवाळ्यात फरक दिसला नाही. होळीनंतर दिसू लागला. वरची रोपं पानं टाकत गेली, एप्रिलमध्ये त्यांच्या काड्या झाल्या. आबा काकुळतीला आले. "बाई, एकेक तांब्या पानी घालू द्या. कोनाले सांगत नही." बाई नाही म्हणाल्या. शब्द दिला होता. आबा मग टेकडीवर येईनासे झाले. मरणारं झाड बघवत नाही, म्हणाले, आणि असोद्याला निघून गेले. साहेब येणार त्या सकाळी मात्र ते आले, धुतलेला सदरा घालून, मयतीला आल्यासारखे मागे उभे राहिले.

मे महिना. सकाळीच राख पायाला चटके देत होती. साहेबांनी उतारावर नजर फिरवली. वर सगळ्या काड्या. खाली एका कोपऱ्यात मात्र बोरींना पानं होती, बाभळींना काटे आणि कोवळा पाला होता, आणि मध्ये वाळकं का होईना, गवत उभं होतं.

"मॅडम, वरचं सगळं गेलं," साहेब म्हणाले. "मग हा कोपरा कसा जगला?"

"वरच्या झाडांच्या मुळाशी मी बुरशीनाशक घातलं होतं," बाई म्हणाल्या. "बुरशी मारून टाकली. कोपऱ्यात नाही मारली. रोपं तीच, राख तीच, लावायचा दिवस तोच. बुरशीशिवाय काय होतं ते तुम्हाला दाखवायचं होतं."

मी बाईंकडे बघतच राहिलो. न केलेल्या निरीक्षणासाठी पोरीचं जर्नल फेकणारी ही बाई, आणि तिने 'मी' म्हणून सांगितलं, आवाज न हलता. मग मी आबांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मारलेली बुरशी आणि मेलेली झाडं यांचा संबंध त्यांना तेव्हाच, त्या उन्हात, कळला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

साहेब उकिडवे बसले. वरचं एक रोप त्यांनी दोन बोटांनी ओढलं, ते अलगद हातात आलं. मग कोपऱ्यातली एक बोर ओढली. ती जागची हलली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, काटा लागला, आणि ते बोट तोंडात घालून हसले. "राख दुसरीकडे टाकू," म्हणाले. "हे राहू द्या."

घरी येताना माझ्यातलं रसायन जागं झालं. "बाई, कॉपरने मुळंही भाजली असतील. बुरशी मेली म्हणूनच झाडं मेली, असं यावरून पक्कं म्हणता येत नाही."

"माहीत आहे मला. गप्प बस," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी वरच्या तुकड्यातली निळी राख उकरून टाकायला लावली आणि पुन्हा रोपं लावली. एका ओळीला विरजण, एका ओळीला नाही, कुठल्याच ओळीला औषध नाही. सगळं रीतीप्रमाणे. उन्हाळ्यात विरजणाच्या ओळी तगल्या आणि बाकीच्या खुरटल्या. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात बघून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आधी सांगितलं, मग केलं. क्रम चुकला, एवढंच." त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

विरजण आणलं कुणी, तर आबांनी. मृगात ते बोरीखालची माती डब्यात घालून, डबा फडक्यात बांधून घेऊन आले. दर वर्षी आणत राहिले. त्या आळवणीचा विषय त्यांनी काढला नाही, बाईंनीही काढला नाही. मला दोघांचा राग यायचा. अशा गोष्टी एकदा बोलून टाकाव्यात, या मताचा मी आहे. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या. मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. सूक्ष्मदर्शक कॉलेजला दिला, घर विकलं, आणि त्या साक्रीकडे भाच्याच्या घरी राहायला गेल्या. फ्रिज मला दिला. त्याला अजून पावसाळी वास येतो आणि माझ्या बायकोला तो अजिबात आवडत नाही. बाईंना मी अधूनमधून फोन करतो. "कोण, रसायन?" म्हणतात, आणि माझी तब्येत न विचारता टेकडीची विचारतात.

गेल्या पावसाळ्यात आबांचा फोन आला. असोद्याची बोर गेली होती. रस्ता रुंद झाला, बांध त्यात आला, झाड तोडलं आणि भरावासाठी तिथली मातीही उचलून नेली. आबांना नव्या बांधावर नवी बोर लावायची होती. मला म्हणाले, "मले टेकडीवर नेता का? तुमची गाडी हाये ना." माझी स्कूटर कुणाला ना कुणाला रिकामी दिसतेच. घेऊन गेलो.

उतारावर आता सावली आहे. कोपरा कुठला आणि बाकीचं कुठलं हे सांगता येत नाही. बोरीखाली पाला कुजून काळा झालाय, त्यातून भुईछत्र्या निघाल्या होत्या, आणि आमच्या पावलांनी एक तितर भुर्रकन उडाला. पाला बाजूला सारला की बोटभर काळी माती लागते आणि त्याखाली अजून राख. आबांना आता वाकवत नाही. माझ्या खांद्याला धरून ते खाली बसले आणि डबा उघडून हाताने माती भरू लागले.

"माह्याच बोरीचं हाये हे," म्हणाले. "लेक माहेरी न्यायची, तसं." मग हात थांबला. "बाईले फोन लावा."

मी लावला आणि आवाज मोठा करून मध्ये धरला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. आबांनी बोर कशी गेली ते सांगितलं, विरजण मागायला टेकडीवर आलो म्हणून सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग आबा म्हणाले, "बाई, एक इचारू? त्या दिवशी साहेबापुढं तुम्ही माह्यं नाव काहून नही घेतलं? झाडं तं मी मारली व्हती."



"आबा," बाई म्हणाल्या, "माती घेतली का?"

"घेतली."

"पाणी घातलं का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. तांब्या आणला नव्हता. मी स्कूटरच्या डिकीतली माझी पाण्याची बाटली आणून दिली, आणि ती पूर्ण भरलेली बाटली त्यांनी बोरीच्या बुंध्याभोवती सावकाश, गोल फिरवत ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. डोळे पुसले, तेही त्याच ओल्या हाताने.

"घातलं, बाई."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "मला आता काही दिसत नाही. तुम्ही वास घेऊन सांगा, कशी आहे."

आबांनी डबा दोन्ही हातांनी उचलून नाकाशी नेला.

"जित्तं शे," ते म्हणाले.